जूनमध्येच पुस्तक संपवणाऱ्या मुलांसाठी : सोलापुरात राहून काय काय करता येतं

दरवर्षी शाळा सुरू झाली की दोन-तीन आठवड्यांत कुणीतरी पालक फाटकाशी मला गाठतात. "बाई, ह्यानं गणिताचं पुस्तक सगळं सोडवून टाकलं की ओ. आता ह्याला काय देऊ?" विचारणारे बहुतेक वेळा यंत्रमागावर काम करणारे वडील असतात, नाहीतर विड्या वळून घर चालवणारी आई. आवाजात कौतुक असतं, काळजीही असते. पुण्या-मुंबईत असतो तर काहीतरी सोय झाली असती, इथं सोलापुरात कोण विचारणार, असं त्यांना वाटतं. मी पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. या प्रश्नाला उत्तरं देता देता जे हाताशी जमलं, ते इथं मांडते आहे.

सगळ्यात आधी एक सांगते. पुढच्या इयत्तेचं पुस्तक आणून देऊ नका. सहावीच्या मुलाला सातवीचं पुस्तक दिलं तर तो तेही महिन्याभरात संपवेल आणि पुढच्या जूनमध्ये वर्गात दुप्पट कंटाळेल. ते कामही त्याच जातीचं असतं, उदाहरण बघायचं आणि तसंच सोडवायचं. अशा मुलाला हवं असतं ते अडवणारं गणित. आजवर तो कुठं अडलेलाच नसतो. मग अकरावीत पहिल्यांदा गाडी अडते तेव्हा त्याला वाटतं, आपली हुशारी संपली. अशी मुलं मी रडताना पाहिली आहेत. म्हणून अडण्याची सवय दहा-अकराव्या वर्षीच लागली पाहिजे, आणि अडल्यावर शेजारी बसणारं कुणीतरी मोठं माणूस असलं पाहिजे. पुढं जे काही लिहिलं आहे ते सगळं एवढ्यासाठीच.

कोणतं मूल?

पहिला नंबर बघून ठरवू नका. पहिल्या नंबरातली कित्येक मुलं नेटकी, कष्टाळू आणि पाठांतरात पक्की असतात. त्यांचंही कौतुकच आहे, पण त्यांची गरज वेगळी. माझ्या वर्गात सहावीला एक मुलगी होती, गुण साठीच्या घरात. एकाच प्रकारची दहा गणितं दिली की ती तीन सोडवायची आणि वही मिटायची. अवयव पाडायचा धडा चालू असताना तिनं विचारलं, "बाई, मूळ संख्या पुढं कुठंतरी संपतात का?" दोन हजार वर्षांपूर्वी युक्लिडनं ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं तो प्रश्न तिला आपण होऊन पडला होता. असे प्रश्न कोण विचारतं ते बघा. पायऱ्या न लिहिता बरोबर उत्तर कोण देतं, वर्गात सारखी चुळबुळ कोण करतं, मोठ्या मुलांतच कोण रमतं, हेही बघा. तोंडी विचारलं की चमकणारं आणि लिहायला दिलं की मागं पडणारं मूल दिसलं तर त्याला आळशी म्हणू नका. वाचन-लेखनाची अडचण आणि तल्लख बुद्धी एकाच मुलात असू शकते. अशा वेळी तपासणी करून घ्यावी.

बुद्ध्यंकाचा आकडा हवाच असं नाही. महाराष्ट्रात या मुलांचा नीट विचार पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीनं १९६२ पासून केला आहे. तिचं काम सोलापुरातही आहे, त्यामुळे मार्गदर्शनासाठी पुण्यालाच गेलं पाहिजे असं नाही. मूल शाळेत दुःखी असेल, चिडचिड करत असेल, तर जाणकारांकडून चाचणी करून घ्या. मूल आनंदात असेल तर आकड्यावाचून काही अडत नाही.

घरात बसून, एका वहीत

नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत द. रा. कापरेकर नावाचे गणित शिक्षक होते. १९४९ मध्ये त्यांनी एक गंमत शोधली, ती आज जगभर त्यांच्या नावानं ओळखली जाते. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, मग चढत्या क्रमानं लिहा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेऊ.

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ चं तेच करा, पुन्हा ६१७४ च येतं. कोणत्याही संख्येपासून सुरू करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ गाठलं जातं. तिसरीतल्या मुलालाही हे जमतं, आणि बहुतेक लोक इथंच थांबतात. तुम्ही थांबू नका. "तीन अंकी संख्येचं काय होतं?" एवढं विचारा आणि उठून जा. मूल ४९५ पर्यंत आपलं आपण पोचेल. मग दोन अंकी. तिथं गाडी एका जागी थांबतच नाही. २७, ४५, ०९, ८१, ६३ आणि पुन्हा २७, अशी गोल फिरत राहते. मूल आधी म्हणेल, माझं कुठंतरी चुकलं. चुकलेलं नसतं. मग खरा प्रश्न विचारा, या सगळ्या संख्या नवाच्या पाढ्यातल्याच का? दोन अंकी संख्येसाठी याचं कारण सातवीच्या बीजगणितात बसतं. दहम आणि एकम यांना अक्षरं द्यायची आणि वजाबाकी मांडायची. हे मुलाला सांगायचं नाही. आठवडा लागला तर लागू दे.

तुमचं स्वतःचं शिक्षण कमी असेल तरी हे करता येतं. उत्तर माहीत असण्याची गरज नाही. "मला समजेल असं सांग" एवढं म्हणायचं आणि शेवटपर्यंत ऐकायचं. विड्या वळता वळता मुलीचं गणित ऐकणाऱ्या आया मी बघितल्या आहेत. त्यांच्या मुली फळ्यासमोर उभ्या राहिल्या की घाबरत नाहीत.

शाळेतल्या प्रत्येक धड्याला असा खोल भाग असतो. अवयवांचा धडा झाला की विचारा, १ पासून १०० पर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार केला तर उत्तराच्या शेवटी किती शून्यं येतील? गुणाकार प्रत्यक्ष करायचा नाही. सहावीच्या ज्ञानात उत्तर निघतं, पण डोकं तासभर तरी तापतं.

गच्चीवरची काठी

आपल्याकडचं ऊन फुकट आहे, ते वापरा. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य भर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पहिला दिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, दुसरा ऑगस्टच्या सुरुवातीला. ऑगस्टमधला बहुधा ढगात जातो, म्हणून मे धरा. पण थेट त्या दिवशी गच्चीवर नेऊन सावली दाखवली तर ती जत्रा झाली. एप्रिलच्या सुरुवातीपासून मुलाला एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी करायला लावा. दर रविवारी दुपारची सगळ्यात लहान सावली मोजून आलेखावर मांडायची. ती बारा वाजता पडत नाही, हे त्याला स्वतःला सापडू द्या. भारताची घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून मेमध्ये आपला खरा मध्यान्ह बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांच्या आसपास होतो. महिनाभराचा आलेख झाला की मुलानं सावली नाहीशी होण्याचा दिवस आधीच सांगायचा. डोक्याला रुमाल आणि हाताशी पाणी मात्र हवंच, मे महिना आहे.

याची पुढची पायरी फार सुंदर आहे. जळगाव आपल्या जवळपास सरळ उत्तरेला आहे, हवाई अंतर सुमारे ३७० किलोमीटर. तिथं कुणी मामा-मावशी, ओळखीचे शिक्षक असतील तर त्याच दिवशी त्यांच्या मध्यान्हाला एक मीटर काठीची सावली मोजायला सांगा. सोलापुरात सावली शून्य असताना तिथं ती सुमारे सहा सेंटिमीटर येते. त्यावरून कोन काढायचा, साधारण सव्वातीन-साडेतीन अंश. एवढ्या कोनाला ३७० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास निघतो. काठी, दोरा आणि एक फोन, एवढ्यावर पृथ्वी मोजता आली हे ज्या मुलाला कळलं, त्याला विज्ञान आवडतं का हे विचारावं लागत नाही.

कारखान्यातली जकार्ड

आमच्या भागातल्या मुलांच्या कानात मागाचा खडखडाट जन्मापासून असतो. तरी वडिलांच्या मागावर डोकं चालवण्यासारखं काही आहे, असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डवर होते. मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. जिथं भोक आहे तिथं सुई आत जाते, तिचा हूक वर उचलला जातो आणि त्याला बांधलेले उभे धागे वर येतात. भोक नसेल तिथले धागे खालीच राहतात. मधून आडवा धागा नेणारा धोटा जातो आणि एक ओळ विणून होते. म्हणजे भोक आहे किंवा नाही, या दोनच खुणांत अख्खी नक्षी लिहिलेली असते. फ्रान्समध्ये १८०४ मध्ये जाकार यांनी हे यंत्र केलं, आणि चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी असेच पुठ्ठे वापरायचं योजलं होतं. संगणकाच्या इतिहासातलं हे पान आपल्या गल्लीत रोज चालू आहे.

मुलाला कारखान्यात न्या, मालकांना आधी विचारून, माग बंद असताना. चालू मागाजवळ पट्टा आणि धोट्यापासून लांब उभं राहायचं, यात तडजोड नाही. घरी आल्यावर आलेखाच्या कागदावर आठ बाय आठ चौकोन आखा. त्यात मोर, फूल, जे हवं ते काढायचं. मग प्रत्येक ओळ १ आणि ० मध्ये लिहायची आणि मित्राला फोनवर नुसती वाचून दाखवायची. त्यानं चित्र न बघता ते काढायचं. जमलं की प्रश्न सुरू. आठ जागांचे एकूण किती वेगवेगळे पुठ्ठे होतील? २५६. डावी-उजवी बाजू आरशासारखी सारखी असेल तर किती? १६. इतके कमी का? इथून पुढं मूल आपोआप संगणकाकडे जातं. ज्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः उपकरणं करून बघायची प्रयोगशाळा, आहे तिथं चौकशी करा. घरात संगणक नसेल तर शाळेतल्या संगणकावर स्क्रॅच नावाचं मुलांसाठीचं प्रोग्रामिंग शिकता येतं, ते फुकट आहे. आणि माहिती-विज्ञान ऑलिंपियाडची पहिली विभागीय परीक्षा कागद-पेन्सिलवर होते, तिला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. हे फार थोड्या शाळांना माहीत आहे.

घरातल्या चार भाषा

हुशार मूल म्हणजे गणिताचंच असं आपण धरून चालतो, ते बरोबर नाही. आमच्याकडं पोरं घरात तेलुगू बोलतात, शाळेत मराठी, शेजारी कानडी, बाजारात हिंदी-उर्दू. भाषेची जाण असलेल्या मुलाला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा कुठं मिळेल? एक ते दहा आकडे या सगळ्या भाषांत एका तक्त्यात लिहायला लावा. तेलुगूत ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु. कानडीत ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. शेजारी मराठी आणि उर्दू. कोण कुणाचं नातेवाईक ते मुलं स्वतः सांगतात, आणि कशावरून तेही. मग अनेकवचन कसं होतं, क्रियापद कुठं येतं, "आपण" म्हणताना समोरचा धरला आहे की नाही, असे धागे काढत जायचं. मुलानं मित्रासाठी कोडं तयार करायचं, दहा शब्द आणि त्यांचे अर्थ देऊन, नियम मित्रानं शोधायचा. शालेय मुलांची भाषाशास्त्राची ऑलिंपियाड अशाच कोड्यांची असते. भारतात तिची निवड पाणिनी भाषाशास्त्र ऑलिंपियाडमधून होते. गणितात सामान्य असलेली मुलंही तिथं चमकू शकतात.

परीक्षा : कोणती धरायची, कोणती सोडायची

परीक्षांवर माझं मत स्पष्ट आहे. वर्षाला एक, फार तर दोन. परीक्षेचा खरा उपयोग तिच्या जुन्या प्रश्नपत्रिकांत असतो, आणि आपल्यासारखी आणखी मुलं आहेत हे कळण्यात.

शिष्यवृत्ती परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. तिच्या इयत्ता मध्यंतरी चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीवर गेल्या होत्या, आता पुन्हा चौथी-सातवीवर आणायचं ठरलं आहे. म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक मुख्याध्यापकांकडे बघून घ्या. तिच्यातला बुद्धिमत्तेचा भाग चांगला आहे. पण वर्षभर रोज सराव-संच सोडवत बसलं की तीच घोकंपट्टी होते.

पाचवी-सहावीतल्या गणितवेड्या मुलासाठी पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानची प्रज्ञाशोध स्पर्धा मला सगळ्यात आवडते. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये ही संस्था काढली. प्रश्न थोडे असतात आणि विचार करायला लावतात. सहावी आणि नववीसाठी मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. लेखी परीक्षेनंतर तिच्यात प्रात्यक्षिक असतं, मग प्रकल्प आणि मुलाखत. प्रात्यक्षिकाची तयारी करताना मूल प्रथमच स्वतःच्या हातानं मोजतं, ओततं, तोलतं. नंबर आला नाही तरी ते कमावलेलं राहतं.

आठवीपासून खऱ्या ऑलिंपियाडचा रस्ता सुरू होतो. "खऱ्या" असं मुद्दाम लिहिते. शाळाशाळांतून फी घेऊन, जवळपास प्रत्येकाला पदक देणाऱ्या परीक्षा वेगळ्या. आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी भारताचा संघ मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामार्फत निवडला जातो. गणिताची पहिली पायरी म्हणजे आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा, सप्टेंबरच्या सुमारास. तीन तास, तीस प्रश्न, शंभर गुण, प्रत्येक उत्तर पूर्णांक संख्या, पर्याय दिलेले नाहीत. त्यापुढं विभागीय, मग राष्ट्रीय परीक्षा, मग शिबिर. विज्ञानाच्या पहिल्या परीक्षा भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना नोव्हेंबरमध्ये घेते. दहावीपर्यंतच्या मुलांसाठी त्यात कनिष्ठ विज्ञानाची वेगळी परीक्षा आहे. होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. आठवीत पहिल्यांदा बसून तीसपैकी चार-पाच सुटले तरी मी त्या मुलाची पाठ थोपटते, आणि उरलेल्यांतला एक-एक प्रश्न आम्ही दिवाळीपर्यंत चघळतो.

मराठी माध्यमाच्या मुलांना इथं इंग्रजी संज्ञा आडव्या येतात. त्यावर उपाय साधा आहे. ई-बालभारतीवर दोन्ही माध्यमांची पाठ्यपुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. एकाच धड्याचं मराठी आणि इंग्रजी पान शेजारी ठेवून सहावीपासून वहीत संज्ञांची जोडयादी करत गेलं की नववीपर्यंत भीती मोडते. विचार मराठीतच करू द्या.

आता पैशाची परीक्षा. आठवीतल्या, शासकीय किंवा अनुदानित शाळेतल्या, वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलांनी एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा सोडू नये. नव्वद प्रश्न बुद्धिमत्तेचे, नव्वद शालेय विषयांचे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. आमच्या भागात एवढ्या पैशावर मुलगी दहावीनंतर शाळेत राहते की कामाला बसते, हे ठरतं. दोन गोष्टी लोक विसरतात. निवड झाल्यावर नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावाच लागतो, आणि पुढच्या वर्षांत त्याचं नूतनीकरण. आणि मूल विनाअनुदानित खासगी शाळेत घातलं की ही शिष्यवृत्ती बंद होते. दहावीत ठरावीक टक्केही राखावे लागतात. मराठा समाजातल्या ज्या मुलांचा थोडक्यात नंबर हुकतो, त्यांच्यासाठी राज्य सरकारच्या सारथी संस्थेची वर्षाला ९,६०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे, तीही विचारा.

मोहोळ तालुक्यात पोखरापूरला नवोदय विद्यालय आहे. पाचवीत असताना परीक्षा, मराठीतून देता येते, सहावीपासून राहणं-जेवणं-शिक्षण सरकारकडून. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, त्यामुळे बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटकडच्या पालकांनी नक्की विचार करावा. मूल घराबाहेर राहील का, हे मात्र त्यालाच विचारा.

कल्पक हाताच्या मुलासाठी केंद्र सरकारची इन्स्पायर मानक योजना. शाळेनं मुलांच्या कल्पना पोर्टलवर पाठवायच्या, निवड झाली तर नमुना करायला १०,००० रुपये. नेटवरून ढापलेल्या कल्पना इथं लगेच ओळखू येतात. घरातली खरी अडचण घ्या, आजीचे विडीची पानं कातरून दुखणारे हात घ्या. नववीतल्या मुलांसाठी इस्रोचं युविका आहे, मे महिन्यातलं दोन आठवड्यांचं निवासी शिबिर, खर्च इस्रोचा. निवडीत ग्रामीण शाळेतल्या मुलांना जादा गुण असतात.

एनटीएसई ही राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ पासून थांबलेली आहे, आणि केव्हीपीवाय ही विज्ञान शिष्यवृत्ती २०२२ मध्ये इन्स्पायर शिष्यवृत्तीत विलीन झाली. त्यांच्या नावानं कुणी पुस्तकं किंवा वर्ग विकत असेल तर पैसे देऊ नका. सहावीपासूनचे जेईई फाउंडेशन वर्गही मी कुणाला सुचवत नाही. मूल रात्री आठला घरी येतं आणि सावली मोजायला वेळच उरत नाही.

शाळेत काय बोलायचं

"आमच्या मुलाला वर्गात कंटाळा येतो" असं म्हणून सुरुवात करू नका. पन्नास-साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला ते लागतं. नेमकी विनंती करा. "उदाहरणसंग्रहातली शेवटची पाच अवघड गणितं त्यानं बरोबर केली तर बाकीची माफ कराल का? त्या वेळात तो त्याच्या वेगळ्या वहीत काम करेल, आवाज करणार नाही." माझ्या वर्गात अशी वेगळी वही चालते. मी ती शनिवारी बघते आणि एकच ओळ लिहिते, बहुधा पुढचा प्रश्न. दुसरी विनंती म्हणजे आठवड्यातून एक तास ग्रंथालयात किंवा वरच्या वर्गात बसू देणं. मुख्याध्यापक कां-कूं करत असतील तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष कल असलेल्या मुलांसाठी शाळा ते जिल्हा पातळीवर विषयांची मंडळं असावीत असं लिहिलेलं आहे, ते नम्रपणे दाखवा. हुशार मुलाला वर्गाचा मॉनिटर करून मागच्या मुलांना रोज शिकवायला बसवणं हा उपाय नव्हे. कधीतरी ठीक, पण त्यालाही शिकायला शाळेत पाठवलेलं आहे.

सोबत आणि मोठी माणसं

एकट्या मुलाला हे सगळं फार दिवस पेलत नाही. चार-पाच मुलं जमवा, वेगवेगळ्या शाळांची आणि इयत्तांची चालतील. रविवारी सकाळी कुणाची गच्ची, मंदिराचा सभामंडप किंवा परवानगी काढून शाळेची खोली. एक प्रश्न, पहिला अर्धा तास कुणी उत्तर सांगायचं नाही. ज्याला सुटलं त्यानं उत्तराऐवजी दुसऱ्याला सूचक प्रश्न विचारायचा. मुलींच्या घरी आधी स्वतः जाऊन बोला, वेळ उजेडाची ठेवा. नाहीतर सातवीनंतर गटातल्या मुली एकेक करून दिसेनाशा होतात, आणि त्यांची जागा कुणी भरत नाही.

केगावला विद्यापीठाजवळ विज्ञान केंद्र आहे. सहलीसारखं सगळं धावत बघू नका, दोन-तीन उपकरणांपाशीच तासभर थांबा आणि मुलाला त्यांचं चित्र काढू द्या. हिराचंद नेमचंद वाचनालयाचं सभासदत्व घ्या. पक्ष्यांची आवड असेल तर नान्नजचं माळढोक अभयारण्य आणि हिप्परग्याचा तलाव आहे. तिथं वहीत तारीख, वेळ आणि संख्या लिहायची सवय लावा, म्हणजे दुसऱ्या वर्षी तुलना करता येते. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं असतात, आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, संस्था सगळ्यांना खुली असते. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन रात्री परत येता येतं. वर्षातून एकदा गटानं जा.

मार्गदर्शक शोधताना मुलाकडून एका पानावर लिहून घ्या : प्रश्न काय, आतापर्यंत काय केलं, कुठं अडलं. ते पान घेऊन संगमेश्वर, दयानंद किंवा वालचंद महाविद्यालयातल्या त्या विषयाच्या प्राध्यापकांना भेटा. "आमच्या मुलाला मार्गदर्शन करा" म्हटलं की लोक टाळतात. नेमका प्रश्न समोर आला की शिक्षकाला राहवत नाही. फोनवरूनही चालतं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले गुरुजींनी मुलांना व्हिडिओवर जगभरच्या वर्गांशी बोलतं केलं, २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे.

शेवटी कागदपत्रं, कारण हुशारी असूनही मुलं इथंच अडकतात. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा रजिस्टर, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. तेलुगू आडनावांत हमखास फरक पडतो, तो चौथी-पाचवीतच दुरुस्त करून घ्या. मुलाच्या नावाचं बँक खातं आधारला जोडून ठेवा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला जुलैतच सेतू केंद्रातून काढा, परीक्षांचे अर्ज सुरू झाले की तिथं रांग लागते. सगळ्याच्या दोन झेरॉक्स शाळेच्या लिपिकाकडे, दोन घरात पत्र्याच्या पेटीत.